साल कुठे संपते आणि पाल कुठे सुरू होते

लीफ टेल्ड गेकोचे, म्हणजे पानासारख्या शेपटीच्या पालीचे, फोटो नेटवर सारखे फिरत असतात. ‘यातला प्राणी शोधून दाखवा’ टाईप. खाली ढीगभर कमेंट, मग कुणीतरी लाल गोल काढून देतं, सगळे वा वा करतात आणि पुढे सरकतात. मला त्यात एक गोष्ट फार खटकते, कौतुक सगळं पालीचं होतं आणि ज्या झाडावर ती बसलीय त्याच्याकडे कुणी बघत पण नाही. मी मादागास्करच्या पूर्वेकडच्या जंगलात या पाली बघून आलोय आणि तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की ही पाल एकटी अशी बघताच येत नाही. तिचं लपणं निम्मं तिच्या अंगावर असतं आणि निम्मं त्या खोडावर, त्या शेवाळात, त्या पडलेल्या पानांत. जंगल बाजूला काढलं की उरते ती एक विचित्र दिसणारी, कुणालाही सहज सापडणारी पाल. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

यांच्या वंशाचं नाव युरोप्लॅटस. मादागास्कर आणि त्याला लागून असलेली छोटी बेटं सोडली तर जगात दुसरीकडे कुठेही या पाली जंगलात सापडत नाहीत. (ऑस्ट्रेलियात चपट्या पानासारख्या शेपटीच्या पाली आहेत, पण त्यांचं कुळ वेगळं, तिथे तीच युक्ती वेगळ्या घराण्याने स्वतंत्रपणे काढलीय.) आत्तापर्यंत वीसच्या वर जाती नोंदल्या गेल्यात, त्यात बोटभर लांबीच्या पण आहेत आणि नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ३० सेंटिमीटरच्या वर जाणाऱ्या पण आहेत. मादागास्कर आफ्रिकेपासून साधारण १६ कोटी वर्षांपूर्वी तुटलं आणि भारताचा तुकडा त्याच्यापासून साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी निघून उत्तरेला आला, तेव्हापासून ते बेट एकटंच समुद्रात आहे, आणि एवढ्या एकांतात तिथल्या जिवांनी काय काय करून ठेवलंय ते बघताना मला तरी दर थोड्या वेळाने थांबावं लागत होतं.

मी गेलो होतो आंदासिबेला. राजधानी अंतानानारिवोहून पूर्वेला तोआमासिना बंदराकडे जो रस्ता जातो त्या रस्त्यावर साधारण दीडशे किलोमीटरवर हे जंगल लागतं. बहुतेक लोक इथे इंद्री नावाच्या माकडासारख्या लेमूरसाठी येतात, सकाळी त्यांचं ते लांबलचक गाणं टेकड्यांवरून ऐकू येतं आणि ते खरंच अंगावर काटा आणणारं आहे, पण मला पाल बघायची होती. गाईडने एका मांडीएवढ्या जाड खोडापाशी थांबवलं आणि इथे आहे म्हणाला. हातभर अंतर. खोडावर हिरवं शेवाळ, मध्ये मध्ये दगडफुलाचे पांढुरके ठिपके, एका ठिकाणी साल थोडी उचकटलेली, खालून पाणी झिरपलेलं. मी वरपासून खालपर्यंत बघितलं, पुन्हा खालून वर बघितलं, काही नाही. मग त्याने सांगितलं की आकार शोधू नका, डोळा शोधा. डोळा सापडला तो खालच्या बाजूला, कारण ती डोकं खाली करून बसली होती. फिकट पिवळसर बुबुळ, त्यावर बारीक तपकिरी रेषा, आणि मध्ये उभी फट. एकदा तो डोळा दिसला आणि मग हळूहळू जबडा दिसला, मग पुढचा पाय, मग पाठ, आणि शेपटी कुठे संपते ते तर मला बराच वेळ कळत नव्हतं. ही होती युरोप्लॅटस सिकोरी, शेवाळी पाल म्हणा हवं तर.

आता ती एवढी बेमालूम का दिसते? रंग जुळतो हे तर आहेच, पण नुसता रंग जुळवून काम भागत नाही. कुठलाही प्राणी खोडावर बसला की त्याची सावली पडते, आणि शिकारी पक्ष्याला आधी दिसते ती ती सावलीची रेघ. सिकोरीच्या खालच्या जबड्याच्या कडेने, दोन्ही कुशींना आणि पायांना कातडीची झालर असते. ती दिवसभर झोपताना ही झालर सालीला चिकटवून टाकते, त्यामुळे पोळी लाटताना जशी कड पातळ होत होत पोळपाटाला टेकते तशी तिच्या अंगाची कड खोडाला टेकते आणि सावली पडायला जागाच राहत नाही. मी कडेने टॉर्च मारून बघितला, म्हणजे लांबूनच आणि मंद करून, तरी रेघ उठली नाही. शिवाय ती झालर सरळ कापल्यासारखी नसते, तिला बारीक बारीक दाते असतात, त्यामुळे शरीराची बाह्यरेषा म्हणून जी आपली नजर पकडते तीच तुटून जाते. रंग पण थोडाफार बदलता येतो, सरड्यासारखा झटपट नाही, पण खोड जसं आहे त्याप्रमाणे गडद किंवा फिकट व्हायला जमतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हलायचं नाही. दिवसभर नाही.

यात झाडाचा वाटा किती आहे बघा. खोड पुरेसं रुंद हवं, नाहीतर झालर पसरायला जागा नाही. साल खडबडीत हवी. शेवाळ हवं, म्हणजे हवेत सतत ओल हवी, म्हणजे वर झाडांचं छप्पर शाबूत हवं. ठिपके जुळायला दगडफूल हवं, आणि ते फार हळू वाढतं, म्हणजे झाड जुनं हवं. यातली एक गोष्ट काढली तरी तिचा तो सगळा पोशाख चुकीच्या जागी घातल्यासारखा होतो.

दुसरी जी मला बघायला मिळाली ती फँटास्टिकस, इंग्रजीत तिला सैतानी लीफ टेल्ड गेको म्हणतात कारण डोळ्यांच्या वर शिंगांसारखी टोकं असतात. नाव मला अजिबात आवडलेलं नाही, एवढा निरुपद्रवी जीव. जेमतेम ९ सेंटिमीटरची असते. बेल्जियन-ब्रिटिश शास्त्रज्ञ बूलेंजे यांनी १८८८ मध्ये तिचं वर्णन केलं. ही खोडावर नाही, खाली झुडपात, वाळक्या पानांच्या जुडग्यात असते, आणि तिने सालीची नाही तर कुजत चाललेल्या पानाची नक्कल केलीय. कुजत चाललेल्या हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण धड पानाची नक्कल करणं वेगळं आणि किड्याने कुरतडलेल्या, बुरशीचे डाग पडलेल्या, कडेने वळलेल्या पानाची करणं वेगळं. शेपटीला कुरतडल्यासारखे खाचे, नरांच्या शेपटीला ते जास्त, पाठीवरून पानाच्या मधल्या शिरेसारखी रेघ, आणि अंग असं मुरडून बसते की पान देठाला लोंबकळतंय असंच वाटावं. मला दिसलेली तपकिरी होती पण यांच्यात पिवळसर, नारिंगी, करड्या, अगदी जांभळट छटा पण असतात, कारण खाली पडलेली पानं तरी कुठे एका रंगाची असतात.

अंधार पडला की मात्र सगळं चित्र बदलतं. दिवसभर दगडासारखी बसलेली पाल अंग झटकून चालायला लागते, किडे नाकतोडे कोळी जे मिळेल ते पकडते. पालींच्या डोळ्यांबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. यांचे फार जुने पूर्वज दिवसा फिरणारे होते असं मानतात, आणि त्या काळात अंधारात बघायच्या पेशी त्यांच्या डोळ्यातून गेल्या. पुढे वंशज पुन्हा रात्री फिरायला लागले तेव्हा उरलेल्या रंग ओळखणाऱ्या पेशींनाच त्यांनी अंधाराच्या कामाला लावलं. म्हणजे आपल्याला रात्री सगळं करडं दिसतं तेव्हा काही पालींना रंग कळत असतात. २००४ मध्ये स्वीडनमध्ये लीना रॉथ आणि आल्मुट केल्बर यांनी आफ्रिकेतल्या एका निशाचर पालीवर हे प्रयोग करून दाखवलं, आणि त्या पालीचा डोळा अंधुक उजेडात रंग ओळखण्याच्या बाबतीत आपल्या डोळ्यापेक्षा ३५० पट संवेदनशील आहे असा हिशोब मांडला. प्रयोग युरोप्लॅटसवर नव्हता हे खरं, पण त्या मोठ्या डोळ्यांकडे बघताना मला तेच आठवत होतं. पापण्या नाहीत, वर पारदर्शक काचेसारखं आवरण, आणि धूळ बसली की जीभ काढून डोळा पुसून घेते. हे मी समोर बघितलं, अगदी सावकाश, आधी एक डोळा मग दुसरा.

पायांबद्दल थोडक्यात सांगतो कारण ते बऱ्याच जणांना माहीत असतं. बोटांखाली अतिसूक्ष्म केस, त्या केसांच्या टोकांना आणखी शेकडो फाटे, आणि ते पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात की रेणूंमधल्या क्षीण ओढीवरच पाल टिकून राहते. डिंक नाही, चोषण नाही. टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एका पायावर असे जवळजवळ पाच लाख केस असतात.

आणि लपणं फसलं तर? तर एकदम उलट पवित्रा. शेपटी ताठ वर, तोंड आ करून पूर्ण उघडलेलं, काही जातींमध्ये आतला रंग भडक लाल, आणि वरून एक चिरका आवाज. फिंब्रिएटस नावाच्या मोठ्या जातीच्या जबड्यांत तीनशेच्या वर बारीक दात असतात. एवढं सगळं दाखवून पण ती माणसाला काही करू शकत नाही, विष वगैरे काही नाही. तरी भीती फार जुनी आहे. फ्रेंचांचा तिथला गव्हर्नर एत्येन द फ्लाकूर याने १६५८ साली लिहून ठेवलंय की झाडाच्या सालीला चिकटून राहणारा एक सरड्यासारखा प्राणी आहे, तो तोंड उघडून बसतो आणि माणूस जवळ गेला की छातीवर उडी मारून असा चिकटतो की वस्तऱ्याने सोडवावा लागतो. हे वर्णन युरोप्लॅटसचंच आहे असं पुढच्या निसर्गअभ्यासकांनी मानलं. उडी मारून चिकटते हे खोटं, पण सालीला चिकटणं आणि उघडं तोंड या दोन गोष्टी किती नीट टिपल्यात बघा, साडेतीनशे वर्षांपूर्वी पण कुणीतरी हातभर अंतरावर उभं राहून बघितलं होतं हे नक्की.

मला जंगलाबद्दल जास्त बोलायचंय. मादागास्करचं जंगल म्हणजे एकच एक काहीतरी नाही. हिंदी महासागरावरून येणारे वारे पूर्वेच्या कड्याला आपटतात आणि तिथे पाऊस टाकतात, म्हणून पूर्वेला उत्तर-दक्षिण अशी सदाहरित जंगलाची पट्टी आहे, आणि पश्चिमेला पानगळीचं कोरडं जंगल. प्रत्येक जंगलाची पाल वेगळी. ईशान्येला बांबूच्या बेटांत लिनिएटस, तिच्या अंगावर लांबच लांब उभ्या रेघा, वाळक्या बांबूवर बसली की संपला विषय. पश्चिमेच्या कोरड्या जंगलात ग्युंथेरी, तिच्यावर शेवाळाचा मागमूस नाही, ती वाळक्या काटकीसारखी दिसते. पूर्वेच्या डोंगरात पीचमानी, तिच्या अंगावर बुचासारखे खडबडीत उंचवटे. उत्तर टोकाला मोंतान्य द’आंब्र म्हणून जुना ज्वालामुखी डोंगर आहे, आजूबाजूला कोरडं आणि वर डोंगरावर दमट जंगल, तिथली जिगान्टेयस २००६ मध्ये वेगळी जात म्हणून मांडली गेली. जंगलांचा नकाशा आणि पालींचा नकाशा एकावर एक ठेवले तर ते बऱ्यापैकी जुळतात.

नवीन जाती तर अजून निघतायत. २०२३ मध्ये गरामासो नावाची जात जाहीर झाली, उत्तरेकडची, २० सेंटिमीटरच्या आसपास. ती शास्त्रज्ञांनी २००० सालीच बघितली होती, पण हेंकेली नावाच्या दुसऱ्या जातीशी ती इतकी मिळतीजुळती आहे की वेगळी म्हणायला वीसेक वर्षं लागली. डीएनए बघितला, आणि मग जिभेच्या टोकाचा रंग वेगळा आहे हे पण लक्षात आलं. जिभेच्या टोकाचा! मादागास्करच्याच संशोधक फानोमेझाना रात्सोआविना यांनी या वंशावर बरंच काम केलंय, अलीकडच्या बऱ्याच नवीन जातींच्या वर्णनात त्यांचं नाव आहे, आणि ते बघून मला मनापासून बरं वाटतं, कारण शेकडो वर्षं त्या बेटाचे प्राणी बाहेरच्यांनी बाटल्यांत भरून नेले आणि तिकडे बसून नावं दिली.

पण या आनंदाच्या बातम्या वाचताना मनात पाल चुकचुकतेच. एका अभ्यासानुसार १९५३ ते २०१४ या काळात मादागास्करने आपलं ४४ टक्के नैसर्गिक जंगल गमावलं. कारणं एका वाक्यात सांगायची तर गरिबी. भातासाठी जंगल तोडून जाळून जमीन करायची, तिला तिकडे तावी म्हणतात, दोन-चार पिकं झाली की जमीन थकते आणि पुढचा तुकडा. शहरात स्वयंपाक कोळशावर होतो, तो कोळसा पण लाकडातूनच येतो. त्या शेतकऱ्याला दोष द्यायची मला अजिबात इच्छा होत नाही, घरात खायला नसेल तर माणूस दुसरं काय करणार. रोझवूडची गोष्ट मात्र वेगळी. २००९ च्या राजकीय गोंधळात मासोआला आणि मारोजेजीच्या राष्ट्रीय उद्यानांत घुसून रोझवूड तोडलं गेलं, ते परदेशात फर्निचरसाठी. आणि हे लाकूड इतकं जड की पाण्यावर तरंगत नाही, म्हणून ते नदीतून आणायला हलक्या लाकडाची आणखी झाडं तोडून तराफे करायचे. युनेस्कोने पूर्वेकडच्या या जंगलांना २००७ मध्ये जागतिक वारसा म्हटलं होतं, २०१० मध्ये त्यांना धोक्यातल्या यादीत टाकावं लागलं, आणि २०२५ मध्ये ती त्या यादीतून बाहेर आली. ही खरंच चांगली बातमी आहे आणि तिच्यामागे तिथल्या लोकांची बरीच वर्षांची मेहनत आहे.

आंदासिबेच्या रस्त्याला एक गोष्ट फार जाणवली. बराच वेळ दोन्ही बाजूंना निलगिरी दिसते, जुन्या रेल्वेच्या इंजिनांना सरपण म्हणून फ्रेंचांच्या काळात लावायला सुरुवात झाली ती. लांबून सगळं हिरवंगार, अनोळखी माणूस म्हणेल जंगलच आहे. पण थांबून बघितलं तर सगळी झाडं एका वयाची, खाली कोरडं, ऊन थेट जमिनीपर्यंत, आणि आतल्या जंगलातलं ते जाड शेवाळ मला एकाही खोडावर दिसलं नाही. सिकोरीला तिथे नेऊन सोडलं तर चढायला खोड मिळेल, लपायला नाही. आकडेवारीत हे दोन्ही ‘झाडोरा’ म्हणून मोजता येईल. पालीच्या हिशोबाने त्यातलं एकच जंगल आहे. आणि जंगलाचे लहान लहान तुकडे झाले की कडेने वारा आणि ऊन आत शिरतं, ओल जाते, शेवाळ वाळतं, झाड उभं असतं पण पालीसाठी ते संपलेलं असतं. अंडी पण खाली पालापाचोळ्यात असतात, एका वेळी दोन, छोटी गोल, आणि ती दोन-तीन महिने तिथेच राहायची म्हणजे खाली पालापाचोळा आणि ओल दोन्ही हवं.

दुसरा धोका पाळणाऱ्यांचा. दिसायला इतकी वेगळी की परदेशात हिला भरपूर मागणी. २००४ मध्ये बँकॉकच्या बैठकीत सगळा युरोप्लॅटस वंश साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात घेतला गेला, म्हणजे परवान्याशिवाय व्यापार करता येत नाही. त्याने फरक पडला पण चोरून नेणं पूर्ण थांबलंय असं नाही. एखादी जात एका डोंगराच्या जंगलातच असेल तर तिथून पोतंभर पाली काढून नेणं म्हणजे काय होतं ते वेगळं सांगायला नको. काचेच्या पेटीत प्लॅस्टिकच्या वेलीवर बसलेल्या फँटास्टिकसचे व्हिडिओ मी बघितलेत, ती तिथे पण तशीच अंग मुरडून पान होऊन बसलेली असते आणि ते बघून मला फार वाईट वाटतं. जंगलातून पकडलेली पाल कृपा करून कुणी विकत घेऊ नका, कितीही आवड असली तरी.

कुणी जाणार असेल तर कामाचं सांगतो. ऑक्टोबरनंतर पावसाळा सुरू होतो तेव्हा पाली जास्त दिसतात, जून ते ऑगस्ट तिकडे चांगलीच थंडी असते. राष्ट्रीय उद्यानाच्या आत अंधार पडल्यावर जायला परवानगी नाही, रात्रीची फेरी रस्त्याच्या कडेने किंवा गावच्या संस्थांनी राखलेल्या जंगलात होते आणि ती पुरेशी असते. स्थानिक गाईड घ्याच, तो पैसा गावात राहतो आणि गावाला जंगल राखायला कारण मिळतं. गाईडला सुरुवातीलाच सांगून ठेवा की फोटोसाठी पालीला डिवचायचं नाही आणि उचलून दुसऱ्या झाडावर ठेवायचं नाही, बरेच पर्यटक उघड्या तोंडाचा फोटो मागतात म्हणून ते बिचारे करतात. फ्लॅश नको, हेडलॅम्प मंद ठेवा. आणि दिवसा पाल सापडली तर पालीचा क्लोजअप काढून झाल्यावर दोन पावलं मागे येऊन अख्ख्या खोडाचा एक फोटो काढा, शेवाळासकट, दगडफुलासकट. माझ्याकडच्या फोटोंमध्ये मला तोच सगळ्यात जास्त आवडतो.